रिकामं बस्कर

तुपे गुर्जीची नक्कल करायची असंल तर आधी गप बसावं लागतं.

बाकीच्यायचं सोपं आहे. सरपंच म्हणलं की नाकातून बोलायचं. एसटीचा कंडक्टर म्हणलं की जिभेनं पंच वाजवायचा अन् सुट्ट्या पैशावरून भांडण काढायचं. टेंभुर्णीच्या बाजारातला बांगड्यावाला तर मी झोपेतबी काढतो. गुर्जीचं तसं न्हाई. त्यायला काही विचारलं की ते थांबायचे. इतकं थांबायचे की विचारणाऱ्याला वाटायचं, आपण विचारलंच न्हाई. अन् बघायचे ते तुमच्या तोंडाकडं न्हाई, तुमच्या खांद्यामागं. जसं काय तुमच्या मागं अजून एक जण उभा आहे अन् आधी त्याचं ऐकून घेऊन राह्यलेत. मंग हळू आवाजात बोलायचे. गणपतीच्या कार्यक्रमात ही नक्कल मी एकदाच केली. टाळ्या पडल्या न्हाईत. पुढं बसलेल्या बायायनी मागं वळून बघितलं.

नाव तुपे, पण अंगावर तुपाचा थेंब न्हाई. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखा माणूस. अठ्ठ्याऐंशीच्या आसपास ते आमच्या शाळेवर आले. आमचं गाव टेंभुर्णीहून जाफराबादला जाताना रोडपासून आत, अन् शाळा गावापासून अजून थोडी आत, पत्र्याची. गुर्जी चपला दारातच काढायचे, त्यामुळं ते कुठून कधी आले हे कळायचंच न्हाई. तुम्ही फळ्यावर त्यायचं चित्र काढून राह्यले की कानाजवळ आवाज यायचा, "नाक अजून लांब कर." मारलं त्यायनी कधीच न्हाई. मारणाऱ्या मास्तरची पोरायला सवय होऊन जाते. ह्यायची झाली न्हाई.

आल्या आल्या त्यायनी काय केलं, तर वर्गातली लांब तागपट्टी कापली. पोत्याचे तुकडे शिवले अन् प्रत्येकाला एक एक बस्कर दिलं. म्हणले, ज्याला जिथं बरं वाटंल तिथं टाका. कोणाला खिडकी पाहिजे, कोणाला भिंत, कोणाला दार. आम्ही सगळे गोंधळलो अन् परत लाइनीत जाऊन बसलो. मंग गुर्जीनं स्वतःची खुर्ची उचलून आमच्या मागं ठेवली. झालं, पुढं काय अन् मागं काय हेच कळंना. हळूहळू पोरं पांगली. लक्ष्मण दाराजवळ गेला, कारण त्याला कोंडल्यासारखं व्हायचं. कमल कपाटामागं गेली, कारण तिला चारचौघायत तोंड उघडता यायचं न्हाई, तिथून मात्र पाढे घडाघडा म्हणायची. मी मधी बसलो. मला सगळे दिसले पाहिजेत, न्हाई तर नक्कल कोणाची करू?

पण बस्कर पोरायपेक्षा एक जास्त होतं.

ते खिडकीच्या बाजूला टाकलेलं असायचं. हजेरी घेऊन झाली की गुर्जी त्याच्याकडं वळायचे. हळू बोलणाऱ्या पोराचं ऐकायला झुकतात तशी मान थोडी झुकवायचे. थांबायचे. मान हलवायचे. मंग धडा सुरू. रोज. मी एकदा विचारलं, गुर्जी, तिथं कोण बसतंय? त्यायनी नेहमीसारखं माझ्या मागं बघितलं अन् म्हणले, "जे आलं न्हाई ते."

घरी सांगितलं तर आई म्हणली, त्या कोपऱ्याकडं जायचं न्हाई. सगळ्यायच्याच आया तसं म्हणल्या असतील, कारण खेळतानाबी कोणी त्या बस्करावर पाय द्यायचं न्हाई. एकदा माझी गोटी घरंगळत त्याच्यावर गेली. लय भारी गोटी होती, आत हिरवी पाकळी. मी ती सोडून दिली. गुर्जी ते बस्कर स्वतः झटकायचे अन् झटकून झालं की गोटी परत तिथंच ठेवायचे.

मंग सोपानकाकानं त्यायला रांगताना बघितलं.

रविवारची दुपार होती. सोपानकाका बैल घेऊन शाळेच्या मागून जाऊन राह्यले होते. बघतात तर एवढा मोठा माणूस, धोतराचा कासोटा आवळून, हाताच्या कोपरायवर शाळेचं पटांगण ओलांडून राह्यला. पाय मागं फरफटत. तोंडातून शब्द न्हाई. पायरीपाशी आले, वर चढायला गेले, चढता आलं न्हाई, तिथंच कपाळ टेकून पडून राह्यले. सोपानकाकानं बैल तिथंच सोडले अन् पळत घरी आले. बैल संध्याकाळी आपले आपण आले. पुढच्या रविवारी दुसऱ्या कोणी बघितलं, तर गुर्जी कानात कापसाचे बोळे घालून रिकाम्या वर्गात बसलेले. हाका मारल्या तर ऐकू आलं न्हाई. त्याच्यानंतर डोळ्याला उपरणं बांधून भिंती चाचपताना दिसले. गावात एकच बोलणं. कोणी म्हणलं बाहेरचं आहे, कोणी म्हणलं आतलंच आहे.

मी निर्लज्ज. सोमवारी सगळ्यायसमोर विचारलं, गुर्जी, तुम्ही रांगत होते म्हणे.

लय वेळ थांबले. म्हणले, "हो. पायरी उंच हाये."

बस, एवढंच. त्याच हप्त्यात त्यायनी मुरूम आणून पायरीवर उतार केला. मोठ्या फळ्याच्या खाली, जमिनीला लागून, भिंत काळी रंगवून अजून एक फळा केला. आम्ही खाली वाकवाकून त्याच्यावर कुत्रे काढायचो. आमच्यातलं कोणीच रांगत नव्हतं, मंग फळा कोणासाठी, हे काही कळंना.

थोड्या दिवसायनी गजू चिंचेवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. जालन्याहून प्लास्टर करून आणला अन् घरी बसून रडून राह्यला, म्हणून बापानं फळीवर बसवून शाळेत ओढत आणला. फळी उतारावरून सरकत बराबर वर्गात आली अन् खालच्या फळ्यासमोर थांबली. फळा बराबर गजूच्या डोळ्यासमोर. गुर्जीनं त्याच्या हातात खडू दिला, जसं काय कालच ठरलं होतं.

गजूचा पाय चांगला झाला, आता तो जीप चालवतो. पण गावानं गणित मांडून ठेवलं होतं. आधी उतार, मंग पाय.

ह्या सगळ्यात शिकणं मात्र जोरात चालू होतं, हे सांगितलंच पाहिजे. गुर्जी म्हणायचे, ज्याला जसं येतं तसं सांगा. लिहून सांगा, चिखलाचं करून सांगा, करून दाखवा. "आलेल्यायची शाळा कोणीबी भरवतो," हे त्यायचं आवडतं वाक्य. त्याच्यापुढं काय, ते कधी बोलले न्हाईत. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढलेले. तपासणीचे साहेब आले तेव्हा कापसाचा शेतापासून कापडापर्यंतचा प्रवास सांगायचा होता. मी तो आवाजानं सांगितला. आधी वेचणाऱ्या बाया, मंग बैलगाडी, मंग वजन करणारे मारवाडी शेटजी, मंग जिनिंगचं मशीन, मंग दुकानातलं कापड टर्र फाडताना. गुर्जीनं पूर्ण मार्क दिले. साहेबायनी आजूबाजूला बघितलं. एक पोरगं पालथं पडून लिहून राह्यलं, कपाटामागून पाढ्याचा आवाज येऊन राह्यला, एकाचं तोंड पूर्वेला तर एकाचं पश्चिमेला. म्हणले, ही शाळा आहे का बाजार?

गुर्जी थांबले. साहेब मागं वळून बघायला लागले. मंग गुर्जी म्हणले, "बाजारात कोणाला जागा न्हाई असं होत न्हाई, साहेब."

साहेबायला राग आला. बॅग टेकवायला म्हणून ते खिडकीजवळच्या बस्कराकडं गेले, अन् त्यायचा बूट त्याच्यावर पडणार तेवढ्यात आख्ख्या वर्गानं एकदम श्वास आत ओढला. कोणी ठरवलं नव्हतं. कपाटामागून कमलनंबी ओढला. साहेबायनी पाय असा मागं घेतला, जसं काय खाली नाग आहे. चहा न पिता गेले.

अन् मंग गुर्जीनं दोरी बांधली.

चांगला सुताचा दोर, पटांगणाच्या फाटकापासून भिंतीच्या कडंनं, पोराच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. पाण्याच्या टाकीजवळ एक गाठ, दारापाशी दोन, अन् आत खिडकीपाशी, त्या बस्कराजवळ, तीन. आम्हाला डोळे मिटून दोरी धरून चालायला लावलं. पोरायला मजा वाटली. गावाला न्हाई. उतारानं पाय घेतला, आता दोरी काय घेईल हे सांगायला पंचांग लागत नव्हतं.

गावात डोळ्यायची साथ आल्यासारखं झालं. आया पोरायला काजळ घालून राह्यल्या, पापण्या वर करकरून बघून राह्यल्या. कोणीतरी दोरीच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली. माझी आई रोज सकाळी बोटं धरून विचारायची, किती? मी मुद्दाम चुकीचं सांगायचो. दोनदा ती रडली, तिसऱ्यांदा तिनं असा रट्टा दिला की खरंच डोळ्यापुढं तारे आले.

पण सगळ्यात जास्त भिला तो भगवानराव. शाळा समितीचा अध्यक्ष, गावातली काळी जमीन बहुतेक त्याची, ट्रॅक्टर त्याचा, मिशी तर आख्ख्या तालुक्यात तशी न्हाई. दोन पोरं शिकायला जालन्याला. एक लहान पोरगी होती, गोदी, ती मामाकडं हसनाबादला असते असं सगळ्यायला माहीत होतं. अशा माणसाला शाळेच्या दोरीचं काय भ्या? पण मधल्या सुट्टीत तो विळा घेऊनच आला. मागं बरेच लोक. आम्ही खिडकीला लटकलो.

भगवानराव म्हणला, "गुर्जी, दोरी काढा. लोकं भिऊन राह्यलेत."

गुर्जीनं त्याच्या खांद्यामागं बघितलं. भगवानरावनं मागं वळून बघितलं. मागं नुसती आपलीच लोकं.

"कोणासाठी बांधली ही?"

"जे हाये त्याच्यासाठी."

"कोण हाये?"

"ते मला माहीत न्हाई," गुर्जी म्हणले. "पण असतंच."

भगवानरावचं तोंड उतरलं. तो जवळ गेला अन् एकदम हळू आवाजात बोलला, पण खिडकीतून आम्हाला ऐकू आलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

आम्हाला तो प्रश्न कळलाच न्हाई. काय सांगितलं, कोणी सांगितलं? मी नंतर कितीतरी दिवस हा प्रश्न त्याच्याच आवाजात म्हणून पोरायला हसवायचो. गुर्जीनं त्याच्या हातातल्या विळ्याकडं बघितलं. लय वेळ थांबले. लोकं पाय बदलायला लागले.

मंग म्हणले, "तोडा. पण फेकू नका, भगवानराव. घरी घेऊन जा."

त्यानं सपासप दोरी तोडली. तुकडे गोळा केले अन् काखेत मारून घेऊन गेला. फेकणार कसा? चांगला सुताचा दोर कोणता शेतकरी फेकतो? दावणीला येतो, बादलीला येतो. गुर्जी भिंतीजवळ उभे होते. आत आले, चपला काढल्या, बस्कराकडं मान झुकवली, अन् त्या दिवशी जरा जास्तच वेळ ऐकत राह्यले.

त्याच्यापुढचं मला गोदीनं सांगितलेलं आहे, ते पण मोठं झाल्यावर.

ती हसनाबादला नव्हतीच. मामाकडं असताना गोवर निघाला होता, त्यात डोळे गेले. भगवानरावनं छकड्याला पडदा लावून तिला घरी आणली अन् मधल्या खोलीत ठेवली. गावात बोलणं नको, पोरायची लग्नं व्हायची आहेत, असं काहीतरी. ती दिवसभर बसून कापसाच्या वाती वळायची. वातीचे ढीग. गावातल्या देवळात तिच्याच वाती जळायच्या अन् वात कोण वळतंय हे कोणाला ठावं न्हाई.

भगवानरावनं दोरी आणून त्याच खोलीत खुंटीला अडकवली. दुसरीकडं कुठं लपवणार? लपवायच्या वस्तूयची घरात तीच जागा होती. तिच्या हाताला ती लागली. तिनं चाचपली. तुटलेली टोकं सापडली, ती तिनं गाठी मारून जोडली. बसल्या बसल्या. मंग बाकीच्या गाठी सापडल्या. एक. बरंच पुढं दोन. अजून पुढं तीन. संध्याकाळी बाप जेवायला बसला तेव्हा तिनं विचारलं, "आबा, ही दोरी कुठं जाते?"

बाप हात धुऊन उठला. दुसऱ्या दिवशी तिनं परत तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी परत. तिची आई सांगायची, त्या हप्त्यात भगवानरावचा घास ताटातच राह्यचा.

एक दिवस दुपारी आम्ही कविता म्हणून राह्यलो होतो. आवाज एकदम कमी झाला, कारण दाराजवळच्या लक्ष्मणनं म्हणणं बंद केलं, मंग त्याच्या शेजारच्यानं, मंग सगळ्यायनी. दारात भगवानराव उभा. डोक्यावर फेटा न्हाई. हाताला एक पोरगी, हाडकुळी, सावलीत वाढल्यानं पांढरीफटक, डोळे उघडे पण कुठंच न बघणारे. तिच्या छातीशी दोरीची गुंडाळी. मला वाटलं, आलं. ज्याच्यासाठी बस्कर टाकलं होतं ते आलं. आता आमच्यातल्या कोणाला घेऊन जाणार एवढंच बाकी आहे.

भगवानराव उंबऱ्याच्या आत आला न्हाई. गुर्जी उठले न्हाईत, या म्हणले न्हाईत. नुसतं एवढं म्हणले, "भिंत उजव्या हाताला ठेव, गोदा. खिडकी आली की तुझी जागा."

गावात ती गोदी; गोदा हे नाव त्यायला कोणी सांगितलं होतं? हे मी अजूनबी सोडवून राह्यलो. मास्तर माणूस, जुन्या हजेरीत असंल, खानेसुमारीत असंल. असंल.

ती भिंत धरून आली. खाली बसली. पोत्यावरून हात फिरवला अन् थांबली.

"इथं कोण बसत होतं?" तिनं विचारलं.

"कोणीच न्हाई."

"मंग गरम कसं?"

पत्र्याला तिथं भोक होतं, दुपारचं ऊन बराबर त्या बस्करावर पडायचं. हे मी तेव्हा बघितलं, अन् तेव्हापासून स्वतःला सांगत आलो. मंग तिच्या हाताला काहीतरी लागलं. तिनं ते उचलून गालाला लावलं. "गोटी," ती म्हणली, अन् पहिल्यांदा हसली. कोणाची म्हणून गुर्जीनं विचारलं. मी मागितली न्हाई. तुम्ही मागितली असती का?

दारात भगवानराव लहान पोरासारखा रडून राह्यला होता, आवाज न करता. गुर्जी त्याच्याजवळ गेले, गोदीच्या हातातली दोरी घेतली अन् एक टोक त्याच्या हातात दिलं. दोघायनी मिळून ती परत बांधली. आता तिच्यात गोदीच्यापण गाठी होत्या, त्यामुळं मोजणी चुकायला लागली. गुर्जीनं त्या सोडवल्या न्हाईत. म्हणले, हिच्या गाठीला हात लागला की घडीभर थांबायचं, मंग पुढं जायचं.

मला त्यायनी कामाला लावलं. "तू तिचा फळा," म्हणले. मी फळ्यावरचं सगळं तिला वाचून दाखवायचो, अन् सरळ कशाला वाचीन? इतिहास सरपंचाच्या नाकातून, भूगोल कंडक्टरच्या पंचासोबत. गुर्जीच्या आवाजात वाचलं तर म्हणायची, "आवाज त्यायचा हाये, श्याम्या, पण मधी थांबून न्हाई राह्यला तू." तिला फसवणं मला कधी जमलं न्हाई.

सगळं गोड झालं असं वाटत असंल तर ऐका. गोदी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात गेलो, तर भिंतीजवळ नवं कोरं बस्कर टाकलेलं. रिकामं. हजेरी झाली. गुर्जी तिकडं वळले. मान झुकवली. थांबले. मान हलवली.

कमल कपाटामागून म्हणली, "आता कोण?"

त्या नव्या बस्करावर बसणारं आमच्याच गावात निघालं का दुसऱ्या, मला ठावं न्हाई. गुर्जीची बदली झाली, मी जाफराबादच्या शाळेत गेलो, तिथं बेंच होते, नंबर होते, अन् सगळ्यायची तोंडं एकाच बाजूला. पहिल्या दिवशी मी रिकामी जागा शोधली. न्हाई सापडली. उलट एका बेंचवर चौघं कोंबलेले. मला बरं वाटायला पाहिजे होतं.

गोदी शहरातल्या अंधशाळेत जाऊन दहावी झाली. आता जाफराबादच्या स्टँडसमोर तिचा एसटीडी बूथ आहे. नंबर तिला तोंडपाठ, माणसं आवाजावरून पाठ. काउंटरवर मशीनशेजारी ती हिरव्या पाकळीची गोटी. मी जातो तेव्हा सरपंच होऊन जातो, बांगड्यावाला होऊन जातो. ती म्हणते, "श्याम्या, मागचे पैसे काढ आधी."

मागच्या उन्हाळ्यात असाच बसलो होतो. बाजाराचा दिवस, स्टँडवर मरणाची गर्दी. गोदी फोन जोडता जोडता थांबली, कान बाहेर लावला अन् म्हणली, "गुर्जी आलेत."

मी म्हणलं, तुला कसं कळलं? म्हणली, "बाकड्याच्या बाजूला लोकं हळू बोलून राह्यलेत."

बघतो तर खरंच. तुपे गुर्जी, आता पार वाळलेले, चपला काढून बाकड्यावर बसलेले. शेजारी घडी केलेला पंचा ठेवलेला, जागा धरल्यासारखा. बाया लेकरं घेऊन उन्हात उभ्या, पण त्या पंचाला कोणी हात लावला न्हाई. मी मागून गेलो अन् भगवानरावच्या आवाजात म्हणलं, तुम्हाला कोणी सांगितलं? ते वळले न्हाईत. थोड्या वेळानं म्हणले, "ये, श्याम." मी पंचा उचलून बसायला गेलो तर हात धरला. थंडगार हात, एवढ्या उन्हात.

"तिथं न्हाई. खाली बस."

मी खाली बसलो. कुठं चालले विचारलं, तर भोकरदनकडं म्हणले, तिकडं एका शाळेत पायरी लय उंच आहे. अजून? ह्या वयात? सोबत कोण आहे? तेव्हा ते माझ्या खांद्यामागं बघून थांबले, अन् उत्तर यायच्या आत गाडी लागली.

लोकं तुटून पडले. गुर्जी कसे चढले दिसलंच न्हाई, पण खिडकीशी बसलेले दिसले. शेजारच्या सीटवर पंचा. गाडी इतकी भरली की दारात माणसं लटकून राह्यली, एक म्हातारी तर त्या सीटच्या दांडीलाच धरून उभी. कंडक्टर आला, पंच वाजवत. त्यानं त्या सीटकडं बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, अन् पुढं गेला. गाडी हलली. गुर्जीनं त्या सीटकडं मान झुकवली. थांबले. मान हलवली.

मी बूथवर परत आलो. गोदी गोटी हातात फिरवून राह्यली होती.

"बसलं का कोणी त्यायच्याजवळ?" तिनं विचारलं.

मला सगळ्यायचे आवाज काढता येतात. त्यावेळेस एकबी आला न्हाई. तिच्या खांद्यामागं बूथची काच होती, त्याच्यात स्टँड दिसत होता, रिकामं बाकडं दिसत होतं. मी तिकडं बघत राह्यलो.

गोदी बराच वेळ ऐकत राह्यली. मंग म्हणली, "आता बराबर जमली तुला त्यायची नक्कल."